बुरशी लागलेल्या द्राक्षांची गोड वाइन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी एक वाक्य लिहून गेले होते, की जगातल्या सगळ्यात महाग गोड वाइन्सपैकी बऱ्याच वाइन्स बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या असतात. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. कुणाला किळस वाटली, कुणाला खोटं वाटलं, आणि निफाडच्या एका द्राक्ष बागायतदार दादांनी तर सरळ हिशोबच मागितलाय, त्यांचं उत्तर मी सगळ्यात सविस्तर दिलंय कारण प्रश्न त्यांच्या पोटाचा आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, फ्रिजमध्ये चार दिवस राहिलेल्या द्राक्षांवर राखाडी केसाळ बुरशी येते, ती मी कचऱ्यात टाकते. तीच बुरशी फ्रान्समध्ये मुद्दाम लावतात का? मग मी टाकली ती द्राक्षं वापरता आली असती? आणि असली वाइन पिऊन पोट नाही बिघडत? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : टाकताय ते एकदम बरोबर करताय, तसंच चालू ठेवा. पण तुमचा अंदाज चांगलाय, ती राखाडी केसाळ बुरशी बऱ्याचदा तीच असते. तिचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या डब्यात तळाला एखादं फळ राखाडी लव आल्यासारखं झालेलं असतं ना, ती पण हीच. मुद्दाम लावायची गरज पडत नाही, ती हवेत, पालापाचोळ्यात, वेलीच्या सालीवर कायमच असते, फक्त ओल मिळायची वाट बघत असते.

आता तीच बुरशी पूर्ण पिकलेल्या, साल शाबूत असलेल्या, वेलीवरच लटकलेल्या पांढऱ्या द्राक्षावर बसली आणि सकाळी धुकं नि दुपारी कोरडं ऊन असं चक्र काही आठवडे चाललं तर वेगळंच घडतं. बुरशीचे धागे सालीत शिरतात, सालीला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, आणि दुपारच्या उन्हात त्या भोकांतून मण्यातलं पाणी उडून जातं. मणी आधी सोनेरी, मग तपकिरी-जांभळा, मग सुरकुतून अगदी मनुकेसारखा होतो, वर राखाडी भुकटी. दिसायला भयंकर, कुणी हातात दिला तर आपण फेकूनच देऊ. पण आत जो दोन-चार थेंब रस उरतो तो मधासारखा दाट असतो. फ्रेंच लोक याला पूरितुर नोब्ल म्हणतात, म्हणजे घरंदाज कूज म्हणा हवं तर.

तुम्ही म्हणाल मग तासगावचा बेदाणा आणि यात फरक काय, तिथेही शेडमध्ये रॅकवर द्राक्षं सुकवून पाणीच घालवतात की. फरक असा की बेदाण्यात फक्त पाणी जातं, बाकी आहे ते दाट होतं. इथे बुरशी स्वतः पण जेवते. ती थोडी साखर खाते, द्राक्षातलं टार्टारिक आम्ल तर आवडीने खाते, आणि बदल्यात ग्लिसरॉल बनवते ज्यामुळे वाइन जिभेवर तेलासारखी गुळगुळीत लागते, शिवाय काही नवे वास तयार होतात जे मूळ द्राक्षात नव्हतेच. नुसतं सुकवून ती चव येत नाही.

पोटाचं म्हणाल तर रस पिळून आंबवतात, गाळ खाली बसतो, वाइन वरून काढून घेतात, गाळतात, पिंपात मुरवतात, बाटलीत बुरशी येत नाही. लोक शेकडो वर्षं पितायत. पण घरच्या कुजलेल्या द्राक्षांवर प्रयोग करू नका, प्लीज. तोडून ठेवलेल्या फळावर बोट्रायटिसबरोबर काळ्या, हिरव्या-निळ्या दुसऱ्या बुरशी पण येतात आणि त्यातल्या काही खरंच विष बनवतात, डोळ्यांनी बघून आपल्याला ते ओळखता येत नाही. बागेतला तोडणारा माणूस हंगामामागून हंगाम तेच बघत आलेला असतो, तरी तो एकेक मणी बघून, शंका आली तर वास घेऊन टाकून देतो.

प्रश्न : मेलबर्नला मुलाकडे गेले होते तेव्हा जेवणानंतर छोट्या ग्लासात सोनेरी गोड वाइन दिली. सगळे मध म्हणत होते, जर्दाळू म्हणत होते, मला मात्र मेथीदाण्याचा वास आला. तसं बोलले तर सगळे हसले. वयामुळे माझं नाक बिघडलंय का? (निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर : काकू, त्या टेबलावर सगळ्यात तयार नाक तुमचं होतं. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. मेथीदाण्याला जो वास असतो तो मुख्यतः सोटोलॉन नावाच्या एका रसायनाचा असतो, आणि बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये नेमकं तेच सोटोलॉन सापडतं, तिच्या वासाच्या ओळखीचा तो एक मोठा भाग आहे. प्रमाण जास्त असलं की मेथी, मसाला असं वाटतं, कमी असलं की जाळलेली साखर, मेपल सिरप. जुन्या मुरलेल्या रममध्येही ते असतं. ज्यांच्या घरी मेथी फोडणीत आणि लाडवात पडते त्यांना तो वास लगेच कळतो, ज्यांनी मेथी कधी हातात घेतली नाही ते मेपल सिरप म्हणतात. दोघंही एकाच गोष्टीचं नाव घेतायत.

मला स्वतःला अशा वाइन्समध्ये मेथीच्या आधी केशर लागतं, आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा. नागपूरच्या माणसाला तो पण लागायला हवा.

मेलबर्नला दिली म्हणजे ती बहुतेक ऑस्ट्रेलियाचीच असणार. तिथे न्यू साउथ वेल्समध्ये ग्रिफिथ नावाचं गाव आहे, रिव्हरिना भागात, तिथल्या डी बोर्टोली कुटुंबाने १९८२ मध्ये सेमियों जातीच्या बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाइन केली, ती पुढे नोबल वन या नावाने जगभर गेली. रिव्हरिना म्हणजे कालव्याच्या पाण्यावरचा सपाट, गरम, भरघोस पिकाचा भाग, तिथे असं काही होईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. शरद ऋतूत वेलीवर मुद्दाम द्राक्षं ठेवून त्यांनी ते करून दाखवलं. मुलाला लेबल बघायला सांगा, कळवा मला.

प्रश्न : आमच्या गोव्यात पोर्ट वाइन पण गोडच असते. ती याच प्रकारची का? (म्हापसा)

उत्तर : नाही. मूळ पोर्ट ही पोर्तुगालच्या दोउरो नदीच्या खोऱ्यातली, तिथे रस आंबत असतानाच मध्येच कडक द्राक्षाची दारू ओततात, त्याने यीस्ट मरतं आणि न आंबलेली साखर तशीच राहते. गोव्यात दुकानात पोर्ट म्हणून जी गोड लाल वाइन मिळते तिने नाव आणि गोडपणा तिथून घेतला. बुरशीचा संबंध कुठेच नाही. फ्रान्समधल्या सोतेर्नच्या बुरशीवाल्या वाइनमध्ये वरून अशी दारू ओतत नाहीत, रसात साखरच इतकी असते की यीस्ट तेरा-चौदा टक्के अल्कोहोल बनवून दमतं आणि उरलेली साखर त्याला संपवता येत नाही. बाटली टिकावी आणि पुन्हा आंबू नये म्हणून सल्फर मात्र घालतात.

प्रश्न : आमची ४ एकर द्राक्षबाग आहे. तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले, घड कुजले, व्यापारी आला नि बघून निघून गेला. तुम्ही लिहिता कुजक्या द्राक्षांच्या वाइनची बाटली हजारो रुपयांना जाते. मग आमच्या कुजक्या मालाचं असं का होत नाही? चेष्टा करत नाही, खरंच विचारतोय. (द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : दादा, तुमचा मेल मी दोनदा वाचला. चेष्टा वाटण्यासारखं यात काही नाहीये, फ्रान्समधला शेतकरी पण वर्षानुवर्षं हाच प्रश्न आकाशाकडे बघून विचारत असतो.

आधी तिथलं सांगते. बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न आणि बार्साक ही गावं. गारोन नावाची मोठी नदी वाहते आणि तिला सिरों नावाची एक छोटी नदी येऊन मिळते. सिरों जंगलातून, झाडांच्या सावलीतून येते म्हणून तिचं पाणी गार, गारोनचं त्या मानाने कोमट. शरदात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, हे गार पाणी कोमट पाण्याला भेटतं आणि रात्री नदीवर धुकं धरतं, पहाटे ते धुकं बागांत शिरतं. मी एकदा ऑक्टोबरात बार्साकला सकाळी सातला रस्त्यावर उभी होते, समोरची वेलीची दुसरी ओळ दिसत नव्हती, कपडे ओले, आणि तारेवरून दहिवर ठिपकत होतं. अकरा वाजता ऊन पडलं, वारा सुटला, दुपारी एकपर्यंत पानं खडखडीत. रोज हेच. सकाळची धुई बुरशीला वाढवते आणि दुपारचं ऊन तिला आवर घालतं. ओलीने नुसतं वाढू दिलं असतं तर घड गळून पडला असता, उन्हाने नुसतं सुकवलं असतं तर बुरशी लागलीच नसती.

म्हणजे बुरशी एकच आहे हो, घरंदाज कूज आणि साधी राखाडी कूज अशा दोन जाती नाहीत. दुपार कशी जाते यावर ठरतं. सलग ढगाळ राहिलं, पाऊस लागून राहिला की तीच बोट्रायटिस सोतेर्नमध्येही पिकाची माती करते. तिथलं सगळ्यात नावाजलेलं घर म्हणजे शातो दिकेम. १८५५ मध्ये बोर्दोच्या वाइन्सची प्रतवारी झाली तेव्हा सोतेर्न-बार्साकमध्ये सगळ्यांच्या वरचा एक दर्जा केला आणि त्यात हे एकटं नाव ठेवलं. त्या दिकेमनं १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या सालांत आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही. वर्षभराचं उत्पन्न सोडून दिलं कारण पावसाने द्राक्षं त्या लायकीची राहिली नाहीत. त्यांच्यामागे मोठा पैसा आहे म्हणून जमतं, शेजारच्या छोट्या शेतकऱ्याला ते वर्ष कसं जात असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता निफाडचं बघू. तुमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास, तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे तुमचा माल पिकतो तेव्हा हवा तापत चाललेली असते, दुपार पस्तिशीकडे सरकते. सोतेर्नमध्ये उलटं, तिथे माल पिकतो तेव्हा हवा गार होत चाललेली असते, म्हणून ती सुकवण सावकाश, आठवडे-आठवडे चालते. तुमच्याकडे तापत्या हवेत मध्येच पाऊस पडला की मणी पाणी पिऊन फुगतो आणि तडकतो. साल फाटली की बोट्रायटिसच्या आधी बाकीचे सगळे आत घुसतात, जंगली यीस्ट, व्हिनेगर बनवणारे जिवाणू, चिलटं. घडाला आंबट झणझणीत वास येतो ना, तो त्यांचा. ती कूज वेगळी, तिची वाइन होत नाही, व्हिनेगर होतं. घरंदाज कुजेची पहिली अट साल फाटलेली नसावी ही आहे.

दुसरं, तुमचा थॉमसन किंवा माणिक चमन खायचा माल आहे. जीए, म्हणजे मणी वाढवणारं संजीवक, मारून, विरळणी करून मणी लांब, टपोरा आणि कुरकुरीत केलेला असतो, १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आलं की तोडायला घेता. वाइनची द्राक्षं छोटी आणि मुख्य म्हणजे आंबटपणा धरून ठेवणारी लागतात. बुरशी लागल्यावर तिथे ब्रिक्स तिशीच्या वर जातं, तेवढ्या साखरेत आंबटपणा नसेल तर वाइन नुसती पाक लागते. आणि तुम्ही केवडा, भुरी या रोगांवर जी फवारणी करता ती करायलाच लागते तुम्हाला, पण द्राक्षांतले त्या औषधांचे अवशेष तपासल्याशिवाय कुठलीही वाइनरी हात लावणार नाही.

एक गोष्ट तुमच्या ओळखीची सांगते. एक्स्पोर्टच्या खोक्यात द्राक्षांवर तुम्ही ग्रेप गार्डचा कागद टाकता, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो मुख्यतः याच बोट्रायटिससाठी असतो, कारण ही बुरशी कोल्ड स्टोरेजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहते आणि जहाजात एका मण्यावरून पूर्ण पेटीत जाते. म्हणजे तुम्ही तिला चांगलं ओळखता, फक्त नाव वेगळं घेत असाल.

नाशिकला शेनिन ब्लां ही वाइनची जात मोठ्या प्रमाणात आहे, आणि हीच जात फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात, कोतो द्यु लेयों भागात बुरशी लागून सुंदर गोड वाइन देते. म्हणजे जात इथे आहे, हात इथे आहेत, अडचण हवेची आहे. म्हणून सुलासारख्या वाइनरीने शेनिन ब्लांची लेट हार्वेस्ट काढली, ती द्राक्षं वेलीवर उशिरापर्यंत ठेवून गोडी वाढवून केलेली, बुरशीची नाही. आपल्या हवेला तोच रस्ता जमतो आणि मला तो प्रामाणिक वाटतो.

तुमच्या तडकलेल्या मालाची वाइन होईल असं कुणी सांगत आलं आणि त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. एवढंच माझ्याकडून स्पष्ट.

प्रश्न : मुलगी बुडापेस्टला असते, तिने तोकायची बाटली आणली. लेबलवर ५ पुत्तोन्योश असं काहीतरी लिहिलंय. हे काय असतं? आणि ही आत्ता प्यायची की ठेवायची? (पुणे)

उत्तर : मुलीने छान आणलं. तोकाय हा हंगेरीच्या ईशान्येचा भाग, तिथे बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या मिळतात, परत तेच, पाणी आणि शरदातलं धुकं. द्राक्षं मुख्यतः फुरमिंत आणि हार्शलेवेल्यू. बुरशी लागून सुकलेल्या मण्याला ते असू म्हणतात. घडातून हे असू मणी एकेक करून हाताने वेचतात, आख्खा दिवस वेचून एका माणसाचे जेमतेम आठ-दहा किलो होतात. मग त्यांचा लगदा करून तो साध्या वाइनमध्ये किंवा आंबत असलेल्या रसात भिजत घालतात, पिळतात, पुन्हा आंबवतात. सोतेर्नमध्ये सरळ बुरशीची द्राक्षं पिळतात, इथे भिजवतात, म्हणून दोन्हीची चव पण वेगळी, तोकायमध्ये आंबटपणा जास्त धारदार असतो आणि खरं सांगायचं तर माझा कल तोकायकडे जास्त आहे.

पुत्तोन्य म्हणजे पाठीवर घ्यायची वेचणीची टोपली, साधारण २५ किलोची. १३६ लिटरच्या पिंपात किती टोपल्या असू टाकला त्यावरून आकडा ठरायचा, ३ पासून ६ पर्यंत. आता टोपल्या कुणी मोजत नाही, साखर मोजतात. २०१३ पासून नियम असा की असू म्हणवून घ्यायला लिटरला कमीत कमी १२० ग्रॅम साखर हवी, म्हणजे जुन्या हिशोबाने ५, आणि ६ लिहायचं तर १५० ग्रॅम. त्यामुळे नवीन बाटलीवर ३ किंवा ४ दिसणार नाही, जुनी असेल तर दिसेल. याच्याही वर एसेन्सिया असते, असू मणी नुसते रचून ठेवले की स्वतःच्या वजनाने जो रस ठिबकतो तो. त्यात साखर लिटरला ४५० ग्रॅमच्या वर, यीस्टला त्यात धड जगताच येत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं आंबते आणि तरी अल्कोहोल सहसा पाच टक्क्यांच्याही खालीच राहतं. ती चमच्याने देतात.

मुलीने तुम्हाला कदाचित ती गोष्ट सांगितली असेल, की सतराव्या शतकात तुर्कांच्या हल्ल्याच्या भीतीने तोडणी लांबली, द्राक्षं सुकून बुरशी लागली, आणि सेप्शी लात्स्को माते नावाच्या धर्मगुरूंनी तरी त्यांची वाइन केली. जर्मनीत पण अशीच गोष्ट आहे, १७७५ मध्ये योहानिसबर्गच्या मठात तोडणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षं कुजली, आणि वाइन अफलातून झाली. तिथे त्या घोडेस्वाराचा पुतळा पण आहे. गोष्टी गोड आहेत, पण तोकायमध्ये असू वाइनचा उल्लेख १५७१ च्या कागदपत्रात सापडलाय, म्हणजे त्या धर्मगुरूंच्या गोष्टीच्या कितीतरी आधी. मला वाटतं हे एका दिवशी, एका माणसाला सुचलेलं नाही, गरीब शेतकऱ्याने वाया गेलेला माल टाकवेना म्हणून पिळून बघितला असणार, एकदा नाही, अनेक गावांत अनेकदा. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

हंगेरीत या वाइनला काय मान आहे बघा, त्यांच्या राष्ट्रगीतात तोकायच्या वेलींचा उल्लेख येतो. १७३७ मध्ये राजाज्ञेने या भागाच्या सीमा आखून दिल्या आणि २००२ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मुलीकडे पुन्हा गेलात तर तळघर नक्की बघा, ज्वालामुखीच्या खडकात खणलेले बुटके बोगदे, आणि भिंतींवर काळी मखमलीसारखी बुरशी, ही आणखी वेगळी बुरशी, पिंपातून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर जगते. तळघरवाले ती पुसत नाहीत.

आता ठेवायची की प्यायची. साखर आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असल्याने ही वाइन दशकानुदशकं टिकते. १८११ सालच्या शातो दिकेमची एक बाटली २०११ मध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली, घेणाऱ्याने ती प्यायलाच घेतली होती. पण ते सगळं गार, अंधाऱ्या तळघराच्या जोरावर. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात ठेवलेली बाटली लवकर म्हातारी होते. वाइनचा फ्रिज नसेल तर या वर्षीच उघडा, मुलगी आली की.

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंटला आहे. सरांनी आइस वाइन आणि ही वाइन एकच असं सांगितलं. बरोबर का? आणि छोट्या बाटलीला एवढी किंमत का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : एकच नाही. आइस वाइनमध्ये द्राक्षं वेलीवर गोठू देतात, जर्मनीत उणे ७ अंश किंवा त्याखाली, आणि गोठलेली असतानाच पिळतात, पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि दाट रस बाहेर येतो. तिथे बुरशी नको असते, निरोगी घडच हवे असतात. चवीत पण फरक, आइस वाइन ताज्या फळासारखी स्वच्छ लागते, मेथी-केशर-मुरंबा नसतो. जर्मन लेबलवर बुरशीवाली हवी असेल तर बेरेनआउसलेजे आणि ट्रोकनबेरेनआउसलेजे हे शब्द शोध, दुसरा म्हणजे जवळजवळ वाळलेल्या मण्यांची वेचणी. ऑस्ट्रियात नॉयझीडलर नावाचा उथळ मोठा तलाव आहे, त्याच्या काठच्या रुस्त आणि इल्मित्सच्या वाइन्स पण नोंदव, अभ्यासात कमी सांगतात आणि किंमतीच्या मानाने फार चांगल्या असतात.

किंमतीचं गणित सोपं आहे. चांगल्या साध्या वाइनला एका वेलीतून ढोबळमानाने एक बाटली निघते. दिकेममध्ये म्हणतात एका वेलीतून एक ग्लास. पाणी उडून गेलेलं असतं ना. शिवाय बुरशी सगळ्या घडावर एकदम लागत नाही, त्यामुळे तोडणारे त्याच ओळीत पाच-सहा वेळा जातात, प्रत्येक वेळी तयार झालेले तेवढेच मणी घेतात आणि बाकी सोडून येतात. त्यात एक मोठा पाऊस आला की खेळ संपला. तू ज्या ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीकडे बघतोयस तिच्यात हे सगळं आहे, आणि मला विचारशील तर सोतेर्नचे बरेच छोटे शेतकरी अजूनही कष्टाच्या मानाने स्वस्तच विकतात.

प्रश्न : मला डायबेटिस आहे. एखादा घोट चालेल का? (सोलापूर)

उत्तर : आकडा देते, निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. ६० मिलीच्या छोट्या ग्लासात साधारण ७-८ ग्रॅम साखर, म्हणजे दोन चमचे. पण नुसती साखर नाही, अल्कोहोलही आहे, आणि काही गोळ्यांवर किंवा इन्शुलिनवर असताना अल्कोहोलने साखर एकदम खाली पण जाते. विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : दिवाळीत पाहुण्यांना द्यायची आहे. सोबत काय ठेवू? गुलाबजाम चालतील ना, गोडाबरोबर गोड? (डोंबिवली)

उत्तर : गुलाबजाम नको. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पाणचट लागते, पाकातलं काहीही, जिलेबी, बालुशाही, सगळं बाद. फ्रान्समध्ये रोकफोर नावाच्या निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर सोतेर्न पितात आणि ते जमतं ते खारट-गोडाच्या झटापटीमुळे. आपल्याकडे तेच काम फराळातल्या खारट पदार्थांनी होतं. खारे काजू, खारे पिस्ते, कडबोळी, ओवा घातलेली खारी शंकरपाळी. चिवडा चालेल पण तिखट कमी. जेवणात द्यायची असेल तर नारळाच्या दुधातली सौम्य कोळंबी फार सुंदर जाते, लाल तिखटाचं कालवण मात्र नको, अल्कोहोलने तिखट अजून झोंबतं.

बाटली फ्रिजमध्ये चांगली गार करून काढा, मग दहा-बारा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फासारखी दिली तर वास बंद होतो. माणशी ५०-६० मिली पुरते, म्हणजे अर्ध्या बाटलीत सहा जण आरामात. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहते, साध्या वाइनसारखी दुसऱ्या दिवशी उतरत नाही.

आणि गोडच ठेवायचं असेल तर एक गोष्ट मी करून बघितलीय. डिंक-मेथीचा लाडू, गूळ नेहमीपेक्षा निम्मा, मेथी नेहमीएवढी. कडवटपणा वाइनची गोडी तोलतो आणि मेथीला वाइनमधली मेथी येऊन मिळते. नागपूरच्या काकूंनी पण हे करून बघावं आणि मुलाच्या घरी जे हसले त्यांनाही एकेक लाडू द्यावा.